सात ओळींवरची शाई

पद्मिनी एकसष्टाव्या वर्षी लेखिका झाली. त्याआधीची तिची साहित्यसेवा म्हणजे नागपूरच्या कॉलेजातल्या भित्तिपत्रकावरच्या दोन कविता, आणि त्यातल्या एकीवर कुणीतरी तिसऱ्याच दिवशी सायकल हरवल्याची जाहिरात चिकटवली होती. पुढे लग्न, पुढे न्यू जर्सी, पुढे अठ्ठावीस वर्षं एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर. लिहायचं राहूनच गेलं. त्यामुळे यंदा तिथल्या मराठी मंडळाच्या ‘परसदार’ या दिवाळी अंकासाठी नंदूकाकांनी लेख मागितला, तेव्हा तिने वरवर आढेवेढे घेतले आणि त्याच दुपारी लिहायला बसली.

नंदूकाका अंकाचे संपादक. वय सत्तर, राहणार आयसेलिन, मूळचे पुण्याचे; यातली शेवटची गोष्ट ते सगळ्यात आधी सांगत. आणीबाणीत ते कॉलेजात होते. सेन्सॉरच्या निषेधात वर्तमानपत्रांनी कोऱ्या सोडलेल्या चौकटींची कात्रणं त्यांनी अजून फायलीत जपून ठेवली होती. तेव्हापासून त्यांचा एकच नेम, लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. या नेमापायी ‘परसदार’मध्ये दरवर्षी एक सोळा पानी प्रवासवर्णन छापावं लागे, पण काका डगमगत नसत.

पद्मिनीच्या लेखाचं नाव होतं ‘भिंतीपलीकडची तमारा’.

तमारा खरोखरच भिंतीपलीकडे राहायची. पार्सिपनीतल्या टाउनहाउसांच्या रांगेत तिचं घर आणि पद्मिनी-राजीवचं घर यांच्यात एकच भिंत. तमाराचं वय सदुसष्ट. रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरातून ती तीस वर्षांपूर्वी इथे आली, जन्मभर मुलांना पियानो शिकवला आणि नवरा गेल्यापासून एकटी होती. ओळख झाली ती बरण्यांमुळे. पद्मिनीने डेकवर उन्हात लोणच्याची बरणी ठेवली होती, आणि पलीकडच्या डेकवर तमाराने काकड्या मुरवायच्या बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. दोघींनी आधी एकमेकींच्या बरण्या पाहिल्या, मग एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवसापासून भिंतीवर तीनदा टकटक केलं की चहा तयार आहे असं समजायचं. दोघींचं बोलणं इंग्रजीत, म्हणजे एकीचं नागपुरी वळणाचं आणि दुसरीचं रशियन वळणाचं, पण गप्पांचं काही अडत नसे.

तमाराला मूलबाळ नव्हतं. जो काही जीव होता तो धाकट्या बहिणीच्या, नीनाच्या मुलावर. नीना सारातोवच्या एका शाळेत संगीत शिकवायची आणि तिचा एकुलता एक कोस्त्या दर रविवारी सकाळी व्हिडिओवर मावशीशी बोलायचा. पद्मिनी बहुतेक तिथेच असायची. तिने त्याला ‘काकू’ म्हणायला शिकवलं होतं. अठरा वर्षांचा, कान बाहेर आलेला तो मुलगा फोन लागला की आधी “काकू!” म्हणून ओरडायचा आणि मग सख्ख्या मावशीची विचारपूस करायचा. तमारा खोटं खोटं रुसायची.

मग युद्ध सुरू झालं. ते दूर होतं, तरी या स्वयंपाकघरातली एकेक गोष्ट उचलून नेत गेलं. आधी पार्सलं बंद झाली. मग नीनाला पैसे पाठवायची सोय गेली. मग नीनाच्या शाळेत दर सोमवारी झेंडा वर चढू लागला आणि वरून छापून आलेला देशभक्तीचा एक धडा प्रत्येक वर्गात वाचायचा हुकूम निघाला. मुलांच्या वसंतातल्या गाण्यांच्या जागी सैनिकांची गाणी आली. युद्धाला युद्ध म्हणायचं नाही, दुसरा शब्द ठरवून दिला होता. नीनाच्या शाळेतल्या एका बाईंनी शिक्षकांच्या खोलीत तो ठरलेला शब्द न वापरता खरा वापरला, तर त्यांच्यावर खटला भरला गेला. आणि तक्रार केली ती शेजारच्या टेबलावर रोज त्यांचाच डबा खाणाऱ्या बाईने. नीना सोमवारी वर्गाचं दार लावून घ्यायची आणि धड्याऐवजी मुलांना जुनी गाणी शिकवायची. एवढंच तिचं बंड होतं.

रविवारचे फोनही आखडत गेले. कधी तिथलं इंटरनेटच बंद, कधी कॉल जोडायचा पण आवाज नाही. आणि लागला तरी बोलायचं काय? कोण ऐकत असेल सांगता येत नव्हतं. कोस्त्या बावीस वर्षांचा झाला आणि त्याला सैन्यात हजर व्हायचं फर्मान आलं. ते आता फोनवरच येतं. आलं की देशाबाहेर जायचं दार बंद. कोस्त्या हजर झाला नाही. नीनाने शेजाऱ्यांना सांगितलं की त्याला उत्तरेत बोटीवर नोकरी लागली. खरं म्हणजे, आणि हे तिकडून आलेल्या एका ओळखीच्या बाईने तोंडी सांगितलं म्हणूनच तमाराला कळलं, तो शहराबाहेर आजीच्या बागेतल्या लाकडी खोपटात लपला होता, तिथल्या भाज्या खात होता आणि दिवसा चूलसुद्धा पेटवत नव्हता. फोनवर त्याचं नाव घेणं बंद झालं. तमारा विचारायची, “काकड्या कशा आहेत?” आणि नीना म्हणायची, “बऱ्या आहेत.” दोन बहिणींना एका मुलाबद्दल जेवढं बोलायला मिळायचं ते एवढंच.

हे सगळं तमाराने पद्मिनीला ऑगस्टमध्ये बरण्या भरताना सांगितलं. हात मिठाच्या पाण्यात होते म्हणून तिला डोळे पुसता येत नव्हते. ते पद्मिनीने पुसले. आणि सप्टेंबरात पद्मिनीने हे सगळं लेखात लिहिलं. नावं, शहर, आजीची बाग, बोटीवरची नोकरी, नीनाचं बंद दार. तिच्या मनात पाप नव्हतं, फक्त माया होती आणि थोडी लेखिका होण्याची हौस होती. तिच्या नवऱ्याने, राजीवने, एकदा विचारलंही, “अगं, खरी नावं कशाला?”

“मराठीत आहे ते,” पद्मिनी म्हणाली. “कोण वाचतंय? आपली पोरं वाचत नाहीत, तू वाचत नाहीस, ते काय रशियात वाचणार आहेत?”

“मी वाचेन गं, वेळ मिळाला की,” राजीव म्हणाला. रिटायर होऊन त्याला दोन वर्षं झाली होती.

दिवाळीच्या कार्यक्रमाआधीच्या गुरुवारी अंकाची पहिली प्रत पद्मिनीच्या हातात पडली. अंक ताज्या चकल्यांच्या डब्यावर ठेवून ती शेजारी गेली. तमाराने लेखातला आपला फोटो पाहिला, बरण्यांचा पाहिला, पद्मिनीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग चष्मा लावला, फोन उघडला आणि पानावर धरला.

पद्मिनीला वाटलं, फोटो काढतेय. पण पडद्यावर मराठी ओळी थरथरल्या आणि त्यांच्या जागी रशियन अक्षरं उभी राहिली. तमारा वाचू लागली. पहिल्या पानावर ती दोनदा मोठ्याने हसली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं हसू थांबलं. फोन धरलेला हात खाली आला.

“हे किती लोकांकडे आहे?”

“अजून कुणाकडेच नाही. दोनशे चाळीस प्रती गॅरेजमध्ये... शनिवारी वाटणार.” आणि मग पद्मिनीला आठवलं. “आणि मंडळाच्या वेबसाइटवर.”

तमारा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. “मी तुला ते लिहायला सांगितलं नव्हतं,” ती हळू म्हणाली. “मी सांगितलं, कारण भिंतीपलीकडे एक माणूस होतं.” मग उठून तिने दार उघडलं. चकल्यांचा डबा पद्मिनीच्या हातात परत दिला.

परत आलेल्या डब्याचं दुःख ज्याला कळतं त्याला पद्मिनीची त्या दुपारची अवस्था सांगायला नको. तिने आधी आन्याला फोन लावला. आन्या ही तिची मुलगी, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला, आणि मंडळाची वेबसाइट तीच सांभाळायची.

“आई, रिलॅक्स. पीडीएफ काढला मी, डन.”

“पण मराठी कुणाला कळणार गं तिकडे?”

“नोबडी नीड्स टु नो मराठी, आई. मशीन्स वाचतात. कुणी सारातोव आणि नाव सर्च केलं की बस. लिसन, लॉग बघितला मी. फक्त अकरा वेळा ओपन झालाय. नऊ वेळा नंदूकाका. एकदा तू. आणि एकदा... पार्सिपनीतूनच, अनदर डिव्हाइस. हू इज दॅट?”

पद्मिनीने फोन ठेवला. अकरावा कोण? मंडळातल्या कुणी कुणाला पाठवला असेल तर? तिने एकेका घराचं नाव घेऊन पाहिलं, प्रत्येकावर संशय घेतला, आणि संशय घेताना तिला एकदम त्या डबा खाणाऱ्या बाईची आठवण झाली. तिकडे माणसं रोज अशीच एकमेकांकडे बघत असतील का? तिला स्वतःची भीती वाटली.

“मी होतो,” राजीव मागून म्हणाला.

“काय?”

“लायब्ररीत जाऊन वाचला. आयपॅडवर. दोन तास लागले, चष्मा विसरलो होतो.” तो ओशाळला होता. “छान लिहिलंयस गं. घरात वाचला असता तर तू माझ्या तोंडाकडेच बघत बसली असतीस.”

पद्मिनीला रडू फुटलं. पस्तीस वर्षांत या माणसाने किराणा मालाच्या यादीखेरीज तिचं काही वाचलं नव्हतं, आणि वाचलं तेही आज कळावं!

राहिल्या दोनशे चाळीस प्रती. त्या नंदूकाकांच्या गॅरेजमध्ये होत्या आणि कार्यक्रम शनिवारी चार वाजता होता. नव्याने छापायला वेळ नव्हता. पान फाडावं, तर मागच्या बाजूला मंडळाच्या अध्यक्षांचं फोटोसकट मनोगत होतं, आणि अध्यक्ष रवी म्हणाले की वर्षभर खपून शेवटी हेच का. पद्मिनी शुक्रवारी काकांसमोर जाऊन उभी राहिली.

“काका, पूर्ण लेखच काळा करा. माझी काही हरकत नाही.”

काकांनी लेख पुन्हा वाचला. पेन्सिलीने खुणा केल्या. “सात ओळी,” ते म्हणाले. “बाकीचा लेख तसाच राहील. पन्नास वर्षं झाली मला त्या कोऱ्या चौकटी सांभाळून. सेन्सॉर म्हणजे कोणतरी खुर्चीवरचा माणूस, असं वाटायचं. आता माझ्याच हातात ते काम आलं.” मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, “काळे मार्कर आण. चांगले आण, स्वस्तातले नकोत.”

शनिवारी सकाळी नऊला गॅरेजमध्ये टेबलं लागली. आन्या रात्रीच ड्राइव्ह करून आली होती. मंडळातली सातआठ घरं आली, पोरंटोरं आली, कुणीतरी पोहे आणले. कुणालाही कारण सांगितलं नव्हतं. पद्मिनी एवढंच म्हणाली की माझ्याकडून चूक झाली आहे आणि एका माणसाच्या जिवाशी गाठ आहे. गंमत म्हणजे कुणी विचारलंही नाही. नाहीतर मंडळाच्या मीटिंगमध्ये श्रीखंड केशराचं की वेलदोड्याचं यावर दीड तास जातो.

पन्नासेक प्रती झाल्या असतील, तेवढ्यात गॅरेजच्या दारात तमारा उभी राहिली. राजीव तिला घेऊन आला होता. ती कुणाशी बोलली नाही. एक झालेली प्रत उचलली, दाराशी उन्हात गेली, पान उजेडासमोर धरलं आणि त्यावर फोन धरला. मग फोन पद्मिनीसमोर केला.

शाईखालून छपाई दिसत होती. फोनच्या पडद्यावर स्वच्छ अक्षरात आलं होतं: कोस्त्या.

पद्मिनीच्या हातातला मार्कर खाली पडला.

तमाराने तो उचलला. “माझी आई सारातोवला लायब्ररीत होती,” ती म्हणाली. “वरून यादी यायची. पुस्तकातली नावं काळी करायला लागायची. मी सहा वर्षांची, मी पण करायचे. नुसती शाई लावून नाव मरत नाही. आधी त्याच्यावर दुसरी अक्षरं लिहायची, एकावर एक, गर्दी करायची. मग शाई. मग कुणालाच सापडत नाही.” तिने बॉलपेन मागितलं आणि पहिल्या ओळीवर रशियन अक्षरं गिरवून दाखवली.

“बट व्हॉट डू वी राइट?” एका छोट्या मुलीने विचारलं. ती इथेच जन्मलेली, रविवारच्या मराठी शाळेत दुसऱ्या यत्तेत.

मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्या पोरीने वाट पाहिली नाही. तिला जे एकच अक्षर न चुकता यायचं, वहीच्या प्रत्येक पानावर सगळ्यात आधी काढायला लावतात ते, तिने जीभ बाहेर काढून लिहिलं. श्री. त्याच्या शेजारी श्री. त्यावर पुन्हा श्री. ओळ भरली, गिचमिड झाली, मग तिने मार्कर फिरवला.

तमाराने पान उजेडात धरलं, फोन धरला. फोनला काही सापडलं नाही.

“हे काय लिहिलं?” तिने विचारलं.

“काहीही नवीन सुरू करायचं असलं की आम्ही हे पहिलं लिहितो,” पद्मिनी म्हणाली. “चांगलं व्हावं म्हणून.”

तमाराने मान हलवली. खुर्ची ओढली आणि पद्मिनीच्या शेजारी बसली. तीन वाजेपर्यंत गॅरेजमध्ये सगळे श्री लिहीत होते, आधी झालेल्या प्रतींवरसुद्धा. आन्याने लिहिले, राजीवने लिहिले, रवींनी स्वतःच्या मनोगतामागे लिहिले आणि शाई उतरून फोटोतल्या त्यांच्या मिशा अधिकच काळ्या झाल्या. नंदूकाकांनी सगळ्यात जास्त प्रती केल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते; मार्करच्या वासाने, असं ते म्हणाले. शेवटची प्रत झाल्यावर तमाराने पुन्हा पहिल्यापासून सगळ्या मोजल्या. दोनशे चाळीस, आणि पद्मिनीची ती पहिली प्रत. तिने पद्मिनीला माफ केलं की नाही हे ती बोलली नाही. पण निघताना तिने विचारलं, “त्या चकल्या उरल्यात का?”

कार्यक्रमात लोकांनी काळ्या ओळी पाहिल्या, कुजबुज केली, तर्क लढवले. कुणीतरी म्हणालं, सासूबद्दल असणार. पद्मिनीने तो तर्क खोडला नाही.

थंडी आली. सारातोवची थंडी कशी असते ते तमारा सांगायची, आणि बिनचुलीच्या खोपटाचा विचार करत पद्मिनी भिंतीच्या अलीकडे जागी असायची. “काकड्या कशा आहेत?” “बऱ्या आहेत.” जानेवारीत एका रविवारी फोन लागलाच नाही. पुढच्याही नाही. फेब्रुवारीत लागला तेव्हा नीना फक्त एवढंच म्हणाली की बरणी रिकामी झाली. तमाराला त्याचा अर्थ कळेना, आणि विचारता येईना. दोन आठवडे तिने पियानो उघडला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी भिंतीवर टकटक झाली. तीनदा नव्हे, तमारा दोन्ही मुठींनी भिंत बडवत होती. पद्मिनी पायात चपला न घालताच धावली.

तमाराच्या हातात फोन होता, आणि फोनमध्ये दाढी वाढलेला, गालफडं बसलेला एक मुलगा होता. कान तसेच बाहेर आलेले.

“काकू!” तो ओरडला.

तो सीमा ओलांडून कझाकस्तानात पोचला होता. कसा, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तमारा पियानोच्या स्टुलावर बसली आणि त्याचं नाव घेऊ लागली. कोस्त्या. कोस्त्या. कोस्त्या. कित्येक महिन्यांत ते नाव तिने मोठ्याने उच्चारलं नव्हतं. बराच काळ न वाजवलेली पट्टी पुन्हा पुन्हा दाबून बघावी, तशी ती म्हणत राहिली, आणि पद्मिनी तिच्या खांद्यावर हात ठेवून मनसोक्त रडली.

मग तमारा उठली, कपाटातून ‘परसदार’ची प्रत काढली आणि पद्मिनीच्या हातात दिली. “वाच,” ती म्हणाली. “तुझ्या भाषेत. त्याला ऐकू दे.”

पद्मिनी वाचू लागली. कोस्त्याला एक शब्द कळत नव्हता, तरी तो दोन्ही हातांवर हनुवटी ठेवून ऐकत होता. पहिली काळी ओळ आली. पद्मिनी थबकली नाही. तिला तो लेख तोंडपाठ होता. काळ्या पट्टीवर बोट ठेवून, खाली दडलेल्या सगळ्या श्रींच्या खालचं तिने वाचलं. त्याचं नाव आलं तसा तो मुलगा दचकला आणि मग हसला. दुसरी ओळ, तिसरी ओळ. बाग आली, खोपट आलं, बोट आली. एकेक नाव मोकळ्या हवेत येत गेलं. सहा ओळी वाचून झाल्या.

सातव्या ओळीपाशी पद्मिनीचं बोट थांबलं. ती नीनाबद्दल होती. नीना अजून तिथेच होती, सोमवारी दार लावून मुलांना जुनी गाणी शिकवत होती.

तमारा तिच्याकडे बघत होती. पद्मिनीने ती ओळ तशीच सोडली आणि पुढचं वाचायला घेतलं.